छाती क्लिअर आहे

“कोऱ्या चहासारखी,” वहिनी फोनवर म्हणाली. आवाज दबका होता. दादाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मागच्या पडवीत येऊन बोलत असणार. पन्हळीतून पाणी पडल्याचा आवाज मला येत होता. “कालपास्नं लघवी अशीच होतीया त्यांना. आन् आज सकाळी पायावर उभंच ऱ्हाता येईना.”

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. साताऱ्यात आठवडाभर झड लागलेली. दादाला ताप येऊन पाच दिवस झाले होते. डेंग्यू बघून झाला, मलेरिया बघून झाला, दोन्ही निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे काढला होता. करोनापासून घरात पडलेलं ऑक्सिमीटर दिवसातून चार वेळा ९७ दाखवत होतं. रोज रात्री मी पुण्याहून फोन करायचे आणि दवाखान्यात जे ऐकलं ते वहिनी मला सांगायची : छाती क्लिअर आहे. तेवढं कानावर पडलं की मी दिवा मालवून झोपायचे.

करोनाच्या दोन वर्षांनी आपल्या सगळ्यांना ही सवय लावली. ताप म्हणजे फुप्फुसं, फुप्फुसं म्हणजे ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन म्हणजे बोटाला लावलेल्या डबीतला आकडा. आकडा बरा तर माणूस बरा. दादा मात्र त्या पाच दिवसांत रोज काहीतरी वेगळंच सांगत होता. पहिल्या दिवशी म्हणाला, अंग मोडून आलंय. दुसऱ्या दिवशी, पोटऱ्यांना पिळा भरल्यासारखं होतंय. तिसऱ्या दिवशी, पाय माझे नव्हेतच, वाळूची पोती बांधलीत कुणीतरी. मी कॉलेजात मराठी शिकवते. दादाचं बोलणं मला नेहमीच चित्रमय वाटतं आणि मी ते तसंच ऐकलं, चित्र म्हणून. तो तर आपल्या शरीरात काय चाललंय त्याचा जवळजवळ तंतोतंत अहवाल देत होता.

आणि एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे. पोटऱ्या फार ठणकतात म्हणाला तेव्हा मीच त्याला मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणायला सांगितलं. डायक्लोफेनॅक. आपल्याकडे ती खोकल्याच्या गोळीइतक्या सहज मागितली जाते आणि तितक्याच सहज दिली जाते. दोन दिवसांत त्याने पाच घेतल्या. ताप, त्यात पोटात पाणी ठरत नव्हतं, त्यात बारा वर्षांचा मधुमेह. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात, हे मला नंतर कळलं. कळल्यापासून ते माझ्याबरोबर आहे.

दुपारपर्यंत साताऱ्यात रक्ताचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा, ५.८. शुगर ३८०. आणि सीपीके नावाचा एक आकडा, जो आमच्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. तो साधारण दोनशेच्या आत असावा लागतो. दादाचा ६२ हजार होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद हातात धरूनच सांगितलं, उशीर करू नका, पुण्याला हलवा. खंबाटकी घाटात पावसाने गाड्या अडल्या होत्या. वहिनी ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या पोटऱ्यांवरून हात फिरवत बसली होती आणि तो सांगत होता, हात नको लावू.

पुण्यात घशाचा आणि नाकाचा स्वाब घेतला. एच१एन१ निघाला. ज्याला २००९ मध्ये आपण स्वाइन फ्लू म्हणून घाबरलो, तोच. आता तो दरवर्षीच्या साथीतला एक विषाणू होऊन आपल्यात राहिलाय.

मी विचारलं, “पण सर, फ्लूने पाय कसे जातील?” किडनीचे डॉक्टर कॉटच्या कडेला टेकले आणि त्यांनी सावकाश समजावलं. स्नायूंच्या पेशी फुटत होत्या. सीपीके हे स्नायूच्या आत राहणारं द्रव्य. ते रक्तात दिसायला लागलं याचा अर्थ पेशीची भिंत गेली. तिच्याबरोबर मायोग्लोबिन नावाचं तांबूस प्रथिनही बाहेर पडतं. स्नायूला जो लालसर रंग असतो तो त्याचाच. रक्तातून ते मूत्रपिंडात येतं, लघवीला कोऱ्या चहाचा रंग देतं, आणि तिथल्या केसाहून बारीक नळ्यांत साचून त्या बंद पाडतं. म्हणजे आधी पाय, मग मूत्रपिंडं. फुप्फुसांचा या साखळीत अजून संबंधही आला नव्हता. त्यांच्यावर डाग दिसायला लागले ते ॲडमिट केल्यानंतर दुसऱ्या दिवशी, आणि तेही थोडेच. दोन दिवस नाकातून ऑक्सिजन लागला, बस्स.

लहान मुलांत याचंच सौम्य रूप बालरोगतज्ज्ञ दर पावसाळ्यात बघतात. ताप उतरत आलेला असतो आणि एका सकाळी मूल पलंगावरून उतरायला तयार होत नाही, किंवा चवड्यांवर चालतं, कारण टाच टेकली की पोटरी दुखते. फ्लूच्या ‘बी’ प्रकारात हे जास्त दिसतं. बहुतेक मुलं आठवड्याच्या आत बरी होतात. आईबापांचा जीव मात्र तेवढ्यात कंठाशी येतो. लघवीचा रंग साधा असेल तर फार घाबरायचं नाही, गडद झाला तर थांबायचं नाही. दादाच्या बाबतीत हे एक वाक्य आम्हाला दोन दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर?

दादाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं तो शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी उघडून, जळालेली तांब्याची तार काढून, नवी भरतोय. आयसीयूतल्या तिसऱ्या रात्री त्याची बोटं हवेत फिरायला लागली. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा तार धरल्यासारखे, गोल गोल, आणि ओठ हलताना दिसत होते. जवळ जाऊन ऐकलं तर तो वेढे मोजत होता. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाला, “पाटलांची मोटार आज द्यायची हाय, मध्ये बोलू नको.” मला ओळखलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

त्या रात्री मी सगळ्यात जास्त घाबरले. पाय परत येतील, मूत्रपिंडं परत येतील असं डॉक्टर सांगत होते. माणूस परत येईल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिथल्या एका सिस्टर आपणहून म्हणाल्या, याला डिलिरियम म्हणतात, फार जणांना होतं, बहुतेक उतरतं. तुम्ही दिवसा येऊन त्यांच्याशी बोलत राहा, चष्मा द्या, आज वार कोणता ते सांगत जा. कारणं अनेक होती : ताप, शरीरभर पेटलेला दाह, मूत्रपिंडं बंद असल्याने रक्तात साठलेली घाण, आणि ती खोली, जिथे दिवस आणि रात्र सारख्याच पांढऱ्या उजेडात जातात. मी रोज सकाळी वार सांगायला लागले. पाचव्या दिवशी त्याने मला दुरुस्त केलं. मी बुधवार म्हणाले, तो म्हणाला गुरुवार. वहिनी बाहेर जाऊन रडली.

लहान मुलांच्या मेंदूला फ्लू याहून क्रूरपणे गाठू शकतो. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांना फ्लूच्या तापात एकदोन दिवसांत झटके येतात, शुद्ध हरपते आणि मेंदूच्या आतल्या भागात, थॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंना इजा झालेली दिसते. हे विरळा आहे. पण तापातलं मूल नीट ओळखत नसेल, असंबद्ध बोलत असेल, उठवून उठत नसेल तर ‘तापात बरळतंय’ म्हणून पांघरूण घालून झोपवायचं नसतं. दुसरी गोष्ट ॲस्पिरिनची. ऑस्ट्रेलियातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मुलांमधल्या एका आजाराचं वर्णन केलं : साध्या विषाणूच्या तापानंतर अचानक मेंदूला सूज आणि यकृतात चरबी. फ्लू किंवा कांजिण्यांत दिलेल्या ॲस्पिरिनशी त्याचा संबंध पुढे उघड झाला, १९८० च्या दशकात अमेरिकेत पालकांना इशारे दिले गेले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आजोबांच्या हृदयासाठीचं ॲस्पिरिन असतं. नातवाच्या तापासाठी ते कधीच नाही.

आता हृदयाचं. दादाच्या ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाला झालेली इजा दाखवणारा, आकडा वाढला होता, इकोमध्ये, हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्क्यांवर आलं होतं. हृदयही स्नायूच, आणि दाह तिथेही पोचला होता. ते सहा आठवड्यांत सुधारलं. पण त्या निमित्ताने मी जे वाचलं त्याने माझी झोप उडवली, कारण ते दादापुरतं नव्हतं.

२०१८ च्या जानेवारीत कॅनडातल्या ऑन्टारिओमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अशी माणसं शोधली ज्यांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू झाला होता आणि त्याच्या आगेमागे वर्षभरात हृदयविकाराचा झटकाही आला होता. मग प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली : फ्लूनंतरचे सात दिवस विरुद्ध त्याच माणसाचे इतर दिवस. त्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण सहापट होतं. अमेरिकेत २०१० ते २०१८ या आठ हंगामांत फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ऐंशी हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तर जवळजवळ १२ टक्क्यांना, म्हणजे आठांतल्या एकाला, हृदयाचा काहीतरी तीव्र त्रास झालेला निघाला.

आपल्या गावागावांत अशा गोष्टी आहेत. “साधा ताप होता, उतरलाही होता, आणि रात्री छातीत कळ येऊन गेले.” आपण त्याला योग म्हणतो. ताप आणि कळ या दोन वेगळ्या घटना आहेत असं समजून दोन वेगळे उसासे टाकतो. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि फ्लूचं नाव कुठेच येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. गेलेल्या माणसावर अन्याय आणि मागे राहिलेल्यांवरही, कारण कळलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला जपायचं तेही कळत नाही.

हे घडतं कसं, ते समजून घेतल्यावर मला जरा शांत वाटलं. गंमत अशी की फ्लूचा विषाणू स्वतः सहसा श्वसनमार्गाबाहेर फारसा जात नाही. त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, पेशीत शिरण्याची किल्लीच ती. पण ती कापून घडवावी लागते आणि तिला कापणारी विकरं मुख्यतः नाक, घसा, श्वासनलिका आणि फुप्फुसं यांच्या अस्तरात असतात. म्हणून विषाणू तिथे माजतो. रक्तात तो क्वचितच सापडतो. पुढचं नुकसान बरंचसं करते ती आपली स्वतःची हाकाटी. संसर्ग झालेल्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात, रोगप्रतिकारक पेशी आणखी सोडतात आणि ती रक्ताबरोबर सगळीकडे जातात. ताप, कणकण, अंगदुखी ही त्यांचीच कामं, आणि मर्यादेत असली तर ती उपकारकच. मर्यादा सुटली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, गळायला लागतं, रक्त गोठायला आतुर होतं. रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षं गप बसलेला चरबीचा थर अशा वेळी फुटतो, त्यावर गुठळी धरते. त्याच वेळी तापाने हृदय दुप्पट धावत असतं आणि त्याला रक्त मात्र कमी मिळत असतं. मधुमेह असेल तर साखर उसळते आणि लढणाऱ्या पेशींनाच मंद करते. त्यात खरवडलेल्या श्वासनलिकेतून जिवाणू शिरले, न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस, तर पुढे सेप्सिस, म्हणजे संसर्गाने शरीरभर उसळलेला जीवघेणा दाह. १९१८ च्या फ्लूच्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागाहून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, असं जपून ठेवलेल्या ऊतींची तपासणी सांगते.

१९१८ म्हटलं की आमच्या घरात एकच शब्द निघायचा, मानमोडी. आजीचा जन्म मानमोडीनंतरचा. तिच्या आधीची दोन भावंडं आठ दिवसांत गेली होती, त्यांची नावंही पुढे कुणी घेतली नाहीत. पणजी म्हणायची म्हणे, पोरांना मान धरवेना, मोडल्यागत एका बाजूला पडायची. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत तो ताप पहिल्यांदा दिसला, पावसाने दगा दिला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो परत आला तेव्हा त्याचं रूप बदललेलं होतं. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेल्याची नोंद आहे. हिंदुस्थानभर किमान एक कोटी वीस लाख, कदाचित त्याहून पुष्कळ जास्त. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं एकमेव दशक आहे, ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

विषाणू माणसाला सापडला तो १९३३ मध्ये, लंडनमध्ये. त्याच्या पंधरा वर्षं आधी आमच्या पणजीच्या पिढीने या रोगाला जे नाव ठेवलं त्यात खोकला नाही, छाती नाही, श्वास नाही. मान आहे, आणि मोडणं आहे. मराठीत तापाचे सगळे शब्द असेच अंगाचे आहेत. कणकण, कसर, ठणका, अंग आंबणं, अंग मोडून येणं, हातपाय गळणं. बिछान्याशी बसून ज्यांनी रोगी बघितला त्यांनी हे शब्द केले. मी वर्गात हे शब्दच शिकवते, वाक्प्रचार म्हणून, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा म्हणून. दादाने त्यांचा उपयोग केला तेव्हा मला त्यांचा अर्थ लागला नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातच होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ तारखेला इथे झाला आणि चार दिवसांत शहर तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागलं. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयासमोर रांगा. टॅमिफ्लू हा फ्लूवरच्या औषधाचा शब्द रिक्षावाल्यांनाही पाठ झाला. तेव्हाही आम्ही सगळे श्वासच मोजत होतो.

दादाला चार वेळा डायलिसिस लागलं. नवव्या दिवशी लघवी वाढली, रंग उतरत गेला : कोरा चहा, मग दुधाचा चहा, मग सरबत. वहिनीने ठेवलेली ही नोंद, ती राउंडला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सांगायची आणि ते गंभीरपणे लिहून घ्यायचे. मला त्या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटतो. बाविसाव्या दिवशी घरी सोडलं. वजन अकरा किलो उतरलं होतं, त्यात चरबी थोडी, स्नायूच जास्त. आयसीयूत पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू दिवसागणिक झिजतात. ज्याचे आधीच फुटलेत त्याचं काय विचारता. पाटावर बसवलं तर त्याला उठता येत नव्हतं. दुकानात बोटं थरथरायची, बारीक गेजची तार धरता यायची नाही. नावं विसरायचा. पाटलांची मोटार कुणी दिली, हे त्याने महिनाभर रोज विचारलं. शेजारी म्हणायचे, “फ्लू झाला होता ना? मग अजून कसला अशक्तपणा?” वहिनी उत्तर द्यायची थांबली.

आता मे महिना संपत आला की आमच्या घरी फ्लूची लस होते, सगळ्यांची. आपल्याकडे साथीचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून त्याआधी. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे मला माहीत आहे. पण स्वीडनमधून चालवलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना तिथेच फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी. वर्षभरात लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के गेले, दुसऱ्या गटातले ४.९ टक्के. नाक गळू नये म्हणून घ्यायची लस हृदय राखते. हे मी आता ओळखीतल्या प्रत्येक मधुमेही, हृदयरोगी, गरोदर बाईला, साठी उलटलेल्या प्रत्येकाला सांगते. समोरचा कंटाळला तरी सांगते. आणि ताप आलेल्याला विचारते : पोटऱ्या दुखतात का, लघवी कशी होते, धडधडतं का, रात्री बोलणं नीट होतं का. ओसेल्टामिविर, म्हणजे तेच टॅमिफ्लू, पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून जोखमीच्या माणसाने स्वाबसाठी चौथ्या दिवसाची वाट बघू नये, हेही.

आजारापूर्वी दादा रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचा. गेल्या महिन्यात मी साताऱ्याला गेले होते तेव्हा तो म्हणाला, चल. मी त्याच्या मागे राहिले. वळणावळणावर तो थांबला, पण बोलला काही नाही. वरच्या दरवाजाशी पोचल्यावर पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबायला लागला. माझ्या छातीत धस्स झालं. मी खाली वाकून विचारलं, दुखतंय?

“दुखतंय की,” तो म्हणाला. “पण ह्ये चढाचं दुखणं हाय गं. येगळं असतंय. मला कळतं आता.”